चुकायचा हक्क



३ जानेवारीला आपण सावित्रीमाईची जयंती करतो. ११ फेब्रुवारीला विज्ञानातल्या मुली आणि स्त्रियांचा दिवस येतो. संयुक्त राष्ट्रसंघानं तो २०१५ साली ठरवून दिला. दोन्ही दिवशी भाषणं एकाच साच्यातून काढल्यासारखी. पोरींनो, शिका. डॉक्टर व्हा, इंजिनेर व्हा, शास्त्रज्ञ व्हा. मागं फ्लेक्सवर २४ सप्टेंबर २०१४ चा, मंगळयान पोचलं त्या दिवसाचा फोटो असतो. साड्या नेसलेल्या, केसांत गजरे माळलेल्या बाया हसत एकमेकींना मिठ्या मारताहेत. टाळ्या पडतात. चहा होतो. पोरी घरी जातात आणि भांडी घासायला बसतात.

याला आपण प्रेरणा म्हणतो. प्रेरणा वाईट न्हाई. उपाशी माणसाला भाकरीचं चित्रसुद्धा कधी कधी चालतं ठेवतं. पण चित्र दाखवणाऱ्यानं आपण जेवू घातलं असं समजू नये. म्हणून एक प्रश्न आपल्यापुढं ठेवतो. ज्या पोरीला आपण शास्त्रज्ञ हो म्हणतो, तिला चुकायचा हक्क आपण देतो का? एखादी वस्तू उघडून बिघडवायचा, एखाद्या विषयात नापास व्हायचा, वर्षभर खपून 'हे मला जमत न्हाई, मी दुसरं बघते' असं म्हणायचा हक्क?

हा प्रश्न मी उगाच उकरत न्हाई. विज्ञान हे चुकण्याचं शास्त्र हाय. यूयू तू नावाच्या एका चिनी बाईनं मलेरियावरचं औषध शोधलं. जुन्या वैद्यकीच्या पोथ्या चाळायच्या, पाल्याचा अर्क काढायचा, जंतूवर घालून बघायचा. १९० नमुने फसले. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ वा लागू पडला. या बाईकडं पीएच.डी. नव्हती. २०१५ साली तिला नोबेल मिळालं आणि तिच्या औषधानं जगभर लाखो जीव वाचले. फ्लेक्सवर आपण तिचा १९१ वा नमुना छापतो. पण ती शास्त्रज्ञ झाली ती १९० फसलेल्या नमुन्यांच्या काळात. दहाव्या नमुन्यानंतर तिला कुणी म्हणालं असतं, 'बाई, बास झालं, लई नासधूस केलीस,' तर आज ते औषध नसतं.

आता आपल्या वस्तीत या. दहा वर्षांचं पोरगं घरातला रेडिओ खोलून बसतं. तो पुन्हा जुळत न्हाई. बाप शिव्या घालतो, पण चार लोकांत कौतुकानं सांगतो, 'लई डोकं हाय त्याचं, सगळं खोलून बघतंय.' त्याच वयाची पोरगी मिक्सरचं बूड उघडून बसली तर पहिली हाक येते, 'काय करलालीस गं? शॉक बसंल की!' आणि दुसरी हाक, 'पीठ मळायचं ऱ्हायलंय.' पोरानं मोडलं तर ते शिकतंय. पोरीनं मोडलं तर तिनं मोडलं.

मी गिरणीत कामाला आहे. दहावीच्या पुढची शाळा माझी वाचनालयात झाली, पाळी सुटल्यावर. आमच्याकडं वाइंडिंगला बाया असतात. त्यातली एक मावशी वीस वर्षं त्याच खात्यात आहे. भिंतीकडं तोंड करून उभी असली तरी मशीनच्या आवाजावरून सांगते, 'तिसऱ्याचं बेरिंग गेलंय बगा.' जॉबर येतो, उघडतो, तेच निघतं. पण वीस वर्षांत मावशीच्या हातात कुणी पाना दिला न्हाई. विचारलं तर उत्तर तयार, 'बिघडवून ठेवलं म्हंजे?' आणि हेल्पर म्हणून आलेलं मिसरूड न फुटलेलं पोरगं सहा महिन्यांत चार पार्ट वाया घालवतं, वर्षभरात जॉबरच्या हाताखाली तयार होतं. मावशीला मशीन चालवायची परवानगी आहे, उघडायची न्हाई. तिचं ज्ञान कानात आलं, ते हातात उतरू दिलं न्हाई. म्हणून तिचा पगारही तिथंच राहिला.

हे आपल्याला नवं आहे का? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आपल्या माणसाचं उष्टं सूत दुसऱ्याच्या तोंडाला लागलं तर धर्म बुडायचा. म्हणून जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला, की मालकाविरुद्ध एक व्हा म्हणता, तर या भेदाचं काय? बघा, जातीनं आपल्याला कामावरून हाकललं नव्हतं. सांच्यापर्यंत येऊ दिलं, फक्त हात लावायच्या जागी अडवलं. कष्ट आपले आणि कसब त्यांचं, अशी ती वाटणी. मावशीच्या पान्याची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच सुताची आहे. सूत ओळखायला आपल्यासारखे दुसरे कोण?

ही वाटणी नुसत्या गिरणीत होती असं न्हाई, प्रयोगशाळेतही होती. एकाच काळातल्या दोन बायांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिल्या कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. लेखिका दुर्गा भागवतांच्या बहीण. घर शिकलेलं, उच्चवर्णीय. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांतले, रसायनशास्त्राचे जाणकार. कमलाबाई १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला वरच्या नंबरात आल्या आणि त्याच संस्थेत अर्ज केला. तिथं संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी नाकारलं, कारण ही बाई. कमलाबाई हटल्या न्हाईत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटीवर. पहिलं वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी नव्हेत. कामाची खात्री पटली तर पुढचं बघू. त्यांनी काम करून दाखवलं, केंब्रिजला गेल्या, १९३९ साली पीएच.डी. मिळवली. परत येऊन मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवलं, कडधान्यांवर आणि नीरेवर काम केलं. गरिबाच्या पोटाला काय मिळतं, काय पचतं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

दुसऱ्या दाक्षायणी वेलायुधन. १९१२ साली कोचीनजवळच्या मुळवुकाड बेटावर, पुलया या अस्पृश्य जातीत जन्म. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात रसायनशास्त्र घेतलं. विज्ञानाच्या वर्गात मुलगी म्हणून एकट्या. तिथला एक उच्च जातीचा शिक्षक त्यांना प्रयोग जवळून दाखवत नसे. त्यांनी लांबून बघून बघून शिकून घेतलं आणि १९३५ साली पदवी मिळवली. पुढं शाळेत शिक्षिका झाल्या, आणि त्याच्याही पुढं संविधान सभेत गेल्या. तिथल्या १५ स्त्रियांत दलित स्त्री त्या एकट्या. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचं मत बाबासाहेबांहून निराळं होतं, हे खरं. म्हणून त्यांचं लांब उभं राहणं आपण विसरावं असं न्हाई.

विषय एकच, रसायन. वर्षंही तीच. कमलाबाईंना बाई म्हणून दारात अडवलं. दाक्षायणीबाईंना दार उघडलं, पण टेबलापासून लांब उभं केलं. कमलाबाईंवरचा अन्याय लहान होता असं मी म्हणत न्हाई. पण त्यांच्या घरात रसायनशास्त्र जेवणाच्या ताटाशेजारी होतं. दाक्षायणीबाईंना परीक्षानळी बघायची ती दुसऱ्यांच्या खांद्यांवरून. लांबून बघून परीक्षा पास होता येतं, ते त्यांनी करून दाखवलं, त्या जिद्दीला सलाम. पण लांबून बघणाऱ्याच्या हातून परीक्षानळी फुटत न्हाई. आणि जिच्या हातून एक नळी कधी फुटलीच न्हाई, तिला दुसरी नळी कशी धरायची हे कुणी शिकवलं? स्पर्श नाकारला की चूक नाकारली जाते, आणि चूक नाकारली की विज्ञान नाकारलं जातं. अस्पृश्यतेचा हा अर्थ आपण पुरता वाचलाच न्हाई.

अट दोघींनाही होती, ही गोष्टही ध्यानात घ्या. कमलाबाईंना सिद्ध करायचं होतं की त्या पुरुषाइतक्या चांगल्या आहेत. त्यांच्या बरोबरचे पुरुष मात्र काहीच सिद्ध न करता आत बसले होते. त्यातले किती सामान्य होते, किती ढ होते, इतिहासानं मोजलं न्हाई. विषमतेची ही फार बारीक चाल आहे. वरच्याला सामान्य असण्याची मुभा, खालच्याला असामान्य असण्याची सक्ती. आपण मागतो ती समता कसली? आमच्यातल्या एका हुशार पोरीला फ्लेक्सवर जागा, एवढीच? खरी समता त्या दिवशी येईल, ज्या दिवशी आपली साधारण पोरगी साधारण इंजिनेर होईल आणि कुणाला त्यात नवल वाटणार न्हाई.

इथं कुणी म्हणेल, मार्कांचं काय, गुणवत्तेचं काय? त्याला मी एक आकडा सांगतो. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ मार्क होते. शेकडा ३७ च्या थोडं वर. समाजानं त्या मार्कांकडं बघून तोंड वाकडं केलं न्हाई. सभा भरवली, सत्कार केला. केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र भेट दिलं आणि पुढं बडोद्याच्या महाराजांपाशी शब्द टाकला. त्या २८२ मार्कांवर एका समाजानं विश्वास ठेवला, आणि पुढचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. आता आजच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी तेवढेच मार्क घेऊन आलेली आपल्याच गल्लीतली पोरगी डोळ्यांपुढं आणा. तिला आपण काय म्हणतो? 'बास झाली शाळा, स्थळं बघा.'

आणि हेही विसरू नका की त्या २८२ मार्कांमागं कुणाचं काय गेलं. रामजी सुभेदार भीमाला पुस्तकं आणायला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडं जायचे. पैसे नसले तर मुलगी अंगावरचा दागिना काढून द्यायची, तो सावकाराकडं गहाण पडायचा. बहिणींच्या दागिन्यांवर भावाची पुस्तकं आली. आपली सगळी चळवळ त्या पुस्तकांतून उभी राहिली. म्हणजे आपण सगळे त्या बहिणींचे देणेकरी आहोत. आपण पोरींना शिकवतो म्हणजे उपकार करतो, ही भाषा म्हणून मला सहन होत न्हाई. आपण उपकार कसला करतोय? थकलेलं कर्ज फेडायचं आहे, तेही अजून पुरतं फेडायला लागलेलो न्हाई.

आता चुकण्याचा हिशेब कसा होतो ते बघा. वरच्या जातीचा पोरगा नापास झाला तर तो एकटा नापास होतो. त्याची बहीण नापास झाली तर 'मुलींना गणित जमत नाही' असं म्हणतात, म्हणजे बाईची जात नापास होते. आपला पोरगा नापास झाला तर 'राखीव जागेवरचा' म्हणतात, म्हणजे समाज नापास होतो. आणि आपली पोरगी नापास झाली तर तिच्याबरोबर बाईची जात, समाज आणि घराण्याची अब्रू, तिन्ही एकदम नापास. एका पोरीच्या एका पेपरावर एवढं ओझं! ते ओझं घेऊन ती गणित सोडवणार कशी? पेन उचलायच्या आधीच तिचा हात कापतो.

आणि नापास न होताही ओझं मारतंच. पायल तडवी. आदिवासी तडवी भिल्ल घरची लेक, डॉक्टर झालेली, मुंबईत पुढचं शिक्षण घेणारी. २२ मे २०१९ ला तिनं जीव दिला. वरिष्ठ डॉक्टर सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, प्रकरण कोर्टात गेलं. न्याय कोर्ट करील तो करील. आपण विचारायचा प्रश्न हा, की अशा जागी पोचलेल्या पोरीला 'मला सहन होत न्हाई, मी चार दिवस घरी येते' असं लाज न वाटता सांगता येतं का? की आपणच तिला जाताना सांगून ठेवलेलं असतं, 'समाजाचं नाव राख, मागं फिरू नको'? शत्रूनं दिलेली काठी एक, आणि आपण कौतुकानं दिलेली दुसरी. प्रेरणा अशी काठी होता कामा नये.

यावर खरी हरकत वेगळीच आहे आणि ती आपल्या आयांची आहे. सोलापूरच्या घराघरांत बिडी वळली जाते. मजुरी हजार बिड्यांवर. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिडीची मजुरी न्हाई. त्या आईला चूक म्हणजे काय ते कुणी पुस्तकातून शिकवायला नको. चूक म्हणजे संध्याकाळचं तेल-मीठ. तिची पोर मिक्सर बिघडवते तेव्हा आठवड्याची मजुरी बिघडते. ती पोरीला ओरडते ते विज्ञानाच्या द्वेषानं न्हाई. तिनं हिशेब केलेला असतो आणि तो बरोबर असतो. श्रीमंताच्या घरात चुकीला पैसे लागत न्हाईत, कारण ते आधीच भरलेले असतात. गरिबाच्या घरात प्रत्येक चुकीची पावती फाटते.

मग या आईला आपण काय उत्तर द्यायचं? भाषण? ती म्हणेल, 'भाषण राहू दे बाबा, मिक्सर भरून दे.' माझं म्हणणं तेवढंच आहे. मिक्सर भरून द्या. चुकायचा हक्क हा नुसता विचार न्हाई, त्याला खर्च आहे, आणि तो खर्च एकट्या आईवर टाकणं हा अन्याय आहे. तो चळवळीनं उचलला पाहिजे. संघटना कशासाठी असते? एकट्यानं पेलत न्हाई ते दहा जणांनी पेलायला.

कार्यकर्त्यांनो, जयंतीची वर्गणी आपण दारोदार फिरून गोळा करतो. डीजेच्या भिंती उभ्या करतो, रात्रभर. त्या पैशातला एक वाटा बाजूला काढा. विहाराच्या एका खोलीत कपाट ठेवा. त्यात पाने, पेचकस, टेस्टर, मीटर, भंगारातून आणलेले पंखे, मिक्सर, जुना कॉम्प्युटर. पहिली पाळी पोरींची. आणि दारावर नियम लिहा, की इथं मोडलं तर विचारणार न्हाई, झाकून ठेवलं तर विचारू. दुसरा वाटा नापास झालेल्या पोरींच्या दुसऱ्या खेपेच्या फीसाठी ठेवा. पहिल्या आलेलीचा सत्कार सगळेच करतात, बँकवाले करतात, नगरसेवक करतो. नापास झालेलीच्या दारात निकालाच्या संध्याकाळी कोण जातं? आपण जायचं. हार न्हाई न्यायचा, फॉर्म न्यायचा. आयटीआयचे फॉर्म निघाले की आपल्या वस्तीतली पोरगी शिवणकामाकडं का वळते आणि फिटर, वायरमनकडं का बघत न्हाई, हे घरच्यांशी बसून बोला. शिवणकाम हलकं न्हाई, पण ते तिनं निवडलेलं असावं, तिच्यावर उरलेलं नसावं.

आणि एक गोष्ट पैशानं होत न्हाई. पोरीला चुकायला वेळ लागतो. पाणी, भांडी, धाकटं भावंड, आईच्या पानांची कात्रण, यातून तिच्या वाट्याला दिवसाची अर्धी घटका येते. अर्ध्या घटकेत फक्त पाठ करता येतं, प्रयोग करता येत न्हाई. तो वेळ आकाशातून पडणार न्हाई. घरातल्या पुरुषाच्या वेळातून काढावा लागेल. म्हणून स्त्रीमुक्तीवर बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याला आधी विचारा, आज भांडी कुणी घासली?

काही मित्र म्हणतील, आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, बायांचं मग बघू. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती मोजायची फूटपट्टी सांगून ठेवली आहे, ती म्हणजे स्त्रियांची प्रगती. फूटपट्टी मोजणी संपल्यावर हातात घेत नसतात. शिवाय जात आणि बाईपण हे दोन वेगळे धागे असते तर आधी हा, मग तो, असं म्हणता आलं असतं. आपल्या पोरीच्या अंगावर ते ताण्याबाण्यासारखे विणलेले आहेत. एक ओढला की दुसरा आवळतो. सोडवायचे तर दोन्ही एकदम.

उद्या आपल्यातल्या काही पोरी मोठ्या होतील, त्यांचे फोटो फ्लेक्सवर येतील, त्याचा आनंदच आहे. पण चळवळीची परीक्षा त्यांच्यावरून करू नका. ज्या पोरीच्या हातून मशीन बिघडलं, जी दोनदा नापास झाली, जिनं अर्ध्यातून विषय बदलला, ती आज कुठं आहे ते बघा. ती घरात कोंडली गेली असेल तर आपण हरलो. आणि ती तिसऱ्यांदा पाना हातात घेऊन उभी असेल, शेजारी आपण नुसता दिवा धरून, तोंड मिटून उभे असू, तर समजा की बहिणींच्या दागिन्याचा पहिला हप्ता फिटला.

जय भीम.